हिरव्या दिव्यामागचे कॅपिटल अक्षर

झॅबिक्सच्या देखरेखीत नवा विंडोज सर्व्हर जोडल्यावर हा प्रकार हमखास दिसतो. पिंग लागते, प्रोसेसरचा आलेख उमटतो, दिवा हिरवा होतो. पण इव्हेंट लॉगची एकही ओळ येत नाही. मग फायरवॉल तपासा, पोर्ट पाहा, एजंट पुन्हा बसवा. दोष असतो नावात. एजंटच्या फाइलमध्ये होस्टनेम लिहिले नसेल तर एजंट ते यंत्राकडून घेतो, आणि विंडोज आपले नेटबायोस नाव देते: कॅपिटल अक्षरांत, जास्तीत जास्त 15 अक्षरांचे. पॅनेलवर तेच नाव कोणीतरी स्मॉल अक्षरांत भरलेले असते.

झॅबिक्सच्या लेखी ती दोन वेगळी यंत्रे. मध्यवर्ती सर्व्हर स्वतः विचारायला जातो तेव्हा आयपी पत्ता पुरतो, म्हणून निम्मी तपासणी सुरळीत चालते. लॉगची तपासणी मात्र एजंटने स्वतःहून मागायची असते, आणि तिथे नाव अक्षरन्‌अक्षर जुळावे लागते. त्यात डीएनएस कॅपिटल-स्मॉल भेद मानत नाही. तिथे विचारले तर उत्तर चोख मिळते आणि नावावरचा संशयच उडतो. एसएनएमपीतही असेच: पासवर्डसारख्या कम्युनिटी स्ट्रिंगचे एक अक्षर चुकले की उपकरण बहुधा उत्तरच देत नाही, आणि धडधाकट राउटर मेल्यासारखा दिसतो. नागिऑस ही दुसरी देखरेख प्रणाली निदान सुरुवातीच्या पडताळणीतच न सापडलेल्या होस्टचे नाव सांगून थांबते. हे वागणे योग्य आहे.

अक्षरभेद पाळण्याबद्दल तक्रार नाही. लिनक्सवर वाढलेल्या प्रणालीत तो असणारच. तक्रार आहे ती पुटपुटण्याबद्दल. ‘होस्ट सापडला नाही’ ही नोंद लॉग फाइलमध्ये पडते, आणि सगळे ठीक दिसत असताना ती फाइल कोण उघडतो? फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेले नाव आपल्याकडे आहे, हे सॉफ्टवेअरला सहज ताडता येईल. ते त्याने पडद्यावर ठळक सांगितले पाहिजे. लॉगवरचा इशाराच वाजला नाही, तर घुसखोरीचा माग लागायचा कसा?

तोवर आपल्या कार्यालयात सर्व होस्टनावे स्मॉल अक्षरांतच ठेवा. विंडोजवर एजंटच्या फाइलमध्ये होस्टनेम हाताने लिहा. आणि नवा सर्व्हर जोडल्यावर हिरव्या दिव्यावर विसंबू नका: इव्हेंट लॉगमध्ये एक चाचणी नोंद मुद्दाम घाला आणि इशारा येतो का ते पाहूनच काम पुरे झाले म्हणा.