मी जेवलो

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजातून लेकीचा (तेव्हा तसंच म्हणायचो) फोन आला, "बाबा, मी जेवलो." अमेरिकेत वाढलेल्या पोरांचं व्याकरण असंच, म्हणून मी सवयीने सुधारलं, "जेवले म्हण." पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "चुकून नाही म्हटलं, बाबा." मराठीत साधं जेवल्याचं सांगतानाही आपण बाई की पुरुष ते सांगावंच लागतं!

असो. मुद्दा माझ्या मुलाचा नाही, त्याच्या कॉलेजातल्या एलजीबीटी केंद्राचा आहे. पाटीवर 'टी' होता. पण कार्यक्रम सगळे गे-लेस्बियन मुलांचे, आणि खोलीचं विचारलं की उत्तर, "हाउसिंगवाल्यांना विचार." हाउसिंगवाले म्हणायचे रजिस्ट्रारकडे जा. हजेरीत मात्र जुनंच नाव.

अशा केंद्रांची सुरुवात १९७१ साली मिशिगन विद्यापीठात झाली, ती समलिंगी स्त्री-पुरुषांसाठी. ट्रान्सजेंडर हा शब्द नावात पुष्कळ नंतर आला. पण आपल्याला कोण आवडतं हा एक प्रश्न आणि आपण कोण हा दुसरा. ट्रान्स मुलांना सोबत हवी असतेच, शिवाय कागद हवे असतात: हजेरीतलं नाव, खोली, बाथरूम, विमा. ही कामं विद्यार्थ्यांच्या क्लबाच्या हातची नाहीत, त्याला पगारी माणूस लागतो. आमच्याकडेही केंद्रात नव्याने आलेल्या एका बाईंनी स्वतः तीन ऑफिसांत फोन केले, तेव्हा कुठे पंधरा दिवसांत नाव बदललं.

म्हणून केंद्र बंद झालं की पहिला फटका या मुलांना बसतो. सरकारी विद्यापीठांतल्या डीईआय कार्यालयांवर बंदी घालणारा टेक्सासचा कायदा १ जानेवारी २०२४ला लागू झाला. ह्यूस्टन विद्यापीठाने आपलं केंद्र त्याआधीच, २०२३ मध्ये बंद केलं. "क्लब आहेत की!" म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

कॉलेज निवडताना आपण रँकिंग, फी, नोकऱ्या सगळं खोदून विचारतो. कॅम्पस बघायला जाल तेव्हा एवढंही विचारा: हजेरीतलं नाव बदलायला किती दिवस लागतात आणि ते काम नक्की कोण करतं? तुमच्या मुलाला गरज नसेल, त्याच्या रूममेटला असेल.

बाकी आमच्याकडे ठीक. परवा पुन्हा फोन आला, "मी जेवलो." मी विचारलं, "काय जेवलास?"

चू. भू. द्या. घ्या.