लहान पडद्यावरचें दुकान

आमच्या एका भाचीनें पति निवर्तल्यानंतर घरींच फराळाचे जिन्नस करून विकण्याचा व्यवसाय आरंभिला, त्याला आतां सहा वर्षें झालीं. चिवडा, चकली, अनारसे, करंज्या. आणि दिवाळीपूर्वीं महिनाभर आईबापांनीं परदेशस्थ मुलांना पाठवावयाचीं पार्सलें. गेल्या वर्षीं तिनें सांठविलेल्या पैशांतून वेबसाइट करवून घेतली. "मामा, शुद्धलेखन तेवढें पाहून द्या," म्हणून ती तिनें मला चिरंजीवांच्या संगणकावर दाखविली. मीं ऱ्हस्वदीर्घ तपासलें, दोन विभक्तिप्रत्यय सुधारले आणि मोठ्या समाधानानें संमति दिली. दिवाळी आली, माल तयार झाला. नव्या गिऱ्हाइकांच्या मागण्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या.

कारण एका गृहस्थांच्या फोनवरून कळलें. "ताई, भाव पाहूं गेलें तर पदार्थाचें नांव पलीकडे जातें, आणि नांव पाहूं गेलें तर भाव जातो. शेवटीं कंटाळून तुम्हांलाच विचारतों." तेव्हां कोठें तें संकेतस्थळ मीं मोबाईलवर उघडलें. ज्या अक्षरांचे ऱ्हस्वदीर्घ मीं तपासले होते, तीं मुंगीएवढीं झालीं होतीं. दरपत्रक चित्ररूपानें चिकटविलेलें. तें बोटांनीं मोठें करावें तों अर्धें पडद्याबाहेर. मागणी नोंदविण्याचें बटण अगदीं उजव्या टोकाला, दिसेनासें. त्या गृहस्थांनीं निदान फोन तरी केला. बाकीचे किती जण निमूटपणें दुसऱ्या दुकानीं गेले असतील, तें ईश्वर जाणे. आणि मीं तें पाहून "उत्तम" म्हटलें होतें!

वास्तविक पाहतां वेबचें पान मुळांत असें ताठर नव्हतें. १९९१ सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न या संशोधनसंस्थेंत जीं पहिलीं पानें लोकांपुढें ठेविलीं, त्यांतील ओळी खिडकी रुंद केली कीं लांबत आणि अरुंद केली कीं आखूड होत. पुढें छापील कागदाची संवय जडलेल्या मंडळींनीं तेथें कागदाचें माप आणलें. पोथीचें पान आडवें, कारण ताडपत्र आडवें. पण ज्याला पत्रच नाहीं त्याला माप कशाचें द्यावयाचें? तरीहि ९६० पिक्सेल रुंदीचीं पानें सर्वत्र रूढ झालीं. २००७ मध्यें आयफोन आला, तेव्हां त्याच्या ब्राउझरनें, ज्या पानानें आपलें माप सांगितलें नाहीं तें ९८० पिक्सेल रुंद आहे असें धरून, तें आक्रसून तळहातावर बसविलें. भाचीच्या अक्षरांच्या मुंग्या झाल्या त्या याच न्यायानें.

यावर उपाय एथन मार्कोट या अमेरिकन रचनाकारानें २०१० च्या मे महिन्यांत 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकांत मांडला. रुंदी ठराविक पिक्सेलांत न सांगतां प्रमाणांत सांगावी. चित्रानें आपल्या चौकटीबाहेर जाऊं नये. आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलण्याचे नियम लिहून ठेवावे. शिवलेला कोट एकाच्याच अंगाला बसतो, धोतर मात्र बापलेक दोघेहि नेसतात, तशांतला हा प्रकार. पान एकच, संगणकावर तीन रकाने, मोबाईलवर तेच एकाखालीं एक.

कोणी म्हणेल, मोबाईलसाठीं निराळी वेबसाइट करावी. करावी, पण भाव बदलले कीं दोन्हीकडे बदलावे लागतात, आणि एकट्या बाईकडून एकीकडचे राहून जाणारच. कोणी म्हणेल, अ‍ॅप काढावें. मिंत्रा या कपडे विकणाऱ्या मोठ्या कंपनीनें मे २०१५ मध्यें वेबसाइट बंद करून केवळ अ‍ॅपवर व्यापार चालवून पाहिला. जून २०१६ मध्यें तिला वेबसाइट पुन्हां उघडावी लागली. मग वर्षांतून एकदां दोन किलो चकलीसाठीं आमच्या भाचीचें अ‍ॅप कोण उतरवून घेणार? शिवाय गूगलनें २१ एप्रिल २०१५ पासून मोबाईलवरील शोधांत मोबाईलवर नीट वाचतां येणाऱ्या पानांना झुकतें माप दिलें, आणि आतां तर सूची करतांना तें पानाचें मोबाईलवरील रूपच वाचतें. तेथें जें नाहीं तें गूगलला जणूं नाहींच.

आपल्या लिपीचीहि एक अडचण आहे, ती वेबसाइट करणाऱ्यांच्या ध्यानीं क्वचित् येते. इंग्रजी अक्षर बारीक झालें तरी ओळखूं येतें. देवनागरींत डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशीं उकार. अक्षर लहान व ओळी दाट झाल्या कीं हीं सर्व एकमेकांत मिसळतात, जोडाक्षर तर काळा ठिपका होतें. म्हणून मराठी मजकुराला अक्षर थोडें मोठें व ओळींत अंतर अधिक द्यावयास सांगावें.

नवें काम दिलें तेव्हां या खेपेस मी शेजारीं बसलों. दरपत्रक चित्र नव्हे, अक्षरांतच हवें. प्रत्येक पदार्थाखालींच त्याचा भाव. बटण अंगठ्यानें दाबतां येईल एवढें. आणि फोनचा आंकडा दाबतांच फोन लागावा. त्या तरुणानें करंज्यांचें भलेंमोठें छायाचित्र लहान पडद्यावर व्यवस्थित बसवून दाखविलें, तरी पान उघडेना. चित्र दिसावयास लहान झालें म्हणून त्याचा भार कमी होत नाहीं; मोबाईलला निराळें हलकें चित्रच पाठवावें लागतें. हें त्याला ठाऊक होतें, पण विचारल्याखेरीज त्यानें केलें नाहीं. परीक्षा सोपी आहे. संगणकावरील खिडकी ओढून अरुंद करीत न्यावी आणि काय तुटतें तें पाहावें. नंतर मोबाईल घरांतील वडील माणसाच्या हातीं देऊन, दिवसाउजेडीं गॅलरींत एक मागणी नोंदवावयास सांगावें. आमच्या घरीं हें काम सौभाग्यवतींनीं केलें आणि तीन दोष काढले.

भाचीला पैसे दुसऱ्यांदां मोजावे लागले, याची रुखरुख मला आहेच. संक्रांतीच्या गूळपोळीची पहिली मागणी नव्या पानावर रात्रीं साडेअकरा वाजतां आली; अशा वेळीं संगणक उघडून कोण बसतो! मात्र त्याच पानावर 'गूळपोळी'तला 'गू' ऱ्हस्व पडला होता. या खेपेस तो मला मोबाईलवरच दिसला.