आजीवन वॉरंटी कोणाची?

अमेरिकेत आल्यावर तुम्हीही घरीच गाडी दुरुस्त करू लागला असाल. इथे पान्यांच्या अनेक संचांवर आजीवन वॉरंटी असते: तुटलेलं द्या, नवं घ्या. चाकाचा गंजलेला नट इम्पॅक्ट रेंचने काढताना माझं सॉकेट फुटलं. दुकानाने काही न विचारता बदलून दिलं. पण चूक माझीच होती. चकचकीत क्रोम-व्हॅनेडियम सॉकेट हाताने फिरवण्यासाठी असतं. ते कठीण, म्हणून लवकर झिजत नाही; पण वारंवार धक्के बसले की तडकतं आणि तुकडे उडतात. इम्पॅक्ट रेंचला काळं, जाड भिंतीचं, बहुधा क्रोम-मॉलिब्डेनमचं सॉकेट लागतं; ते थोडं मऊ, पण चिवट असतं. वॉरंटी खुशाल वापरा, पण तिच्या भरवशावर चुकीचं अवजार नको. आणि सुरक्षा-चष्मा घालाच. डोळ्याची वॉरंटी कुणी देत नाही.