डब्यातल्या गोळ्या आणि डोळ्यांतला मोतीबिंदू

आमच्या भागातल्या बचत गटांच्या बैठकीत हल्ली हिशेबाच्या वहीबरोबर एक डबाही येतो. 'डोळ्यांची ताकद वाढवणाऱ्या' कॅप्सूलचा. विकणारी कुणाची तरी जाऊ नाहीतर नणंद, त्यामुळे नाही म्हणणं अवघड! महिन्याचे हजार-बाराशे रुपये सहज जातात. परवा सत्तरीच्या एक काकू म्हणाल्या, "आठ महिने घेतेय गं, फरक काहीच नाही. पण कोर्स पुरा करायचाय." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जिन्याची पायरी दिसत नाही, चाचपडत उतरतात. पडून खुब्याचं हाड मोडलं म्हणजे?

मैत्रिणींनो, मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. अंड्यातला पांढरा भाग उकडला की तो पुन्हा पहिल्यासारखा पारदर्शक होत नाही, तसंच हे. कुठल्याही कॅप्सूलने ते भिंग परत स्वच्छ होत नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. काचबिंदूचं तर आणखी वाईट. त्यात डोळ्याची नस हळूहळू निकामी होते, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब बंद करून गोळ्या घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. सांगताना अंगावर काटा येतो.

मग या गोळ्या सगळ्या खोट्याच का? तसंही नाही. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, समोरच्या माणसाचा चेहराच नेमका पुसट होतो. डॉक्टर त्याला 'एएमडी' म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने यावर मोठा अभ्यास केला, 'एरेड्स' नावाचा. २००१ साली त्याचे निष्कर्ष आले. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त आणि थोडं तांबं अशा मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी, आजार मध्यम टप्प्यावर असलेल्यांमध्ये तो पाच वर्षांत बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. पण पुढचं ऐका. ज्यांना हा आजार नव्हताच किंवा अगदी सुरुवातीचा होता, त्यांना असा फायदा दिसला नाही. आणि मोतीबिंदूवर तर काहीच परिणाम नाही. म्हणजे पडदा तपासून डॉक्टरांनी टप्पा सांगितल्याशिवाय ही गोळी घेणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणं.

२०१३ मध्ये त्याच संस्थेचा दुसरा अभ्यास आला. बीटा कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून त्याऐवजी ल्युटिन आणि झियाझँथिन घालून पाहिलं. तेच आता वापरतात. माशाच्या तेलाच्या गोळ्यांची भर घातली, त्याने जास्तीचं काही हाती लागलं नाही. ज्यांच्या घरी सासऱ्यांनी उभा जन्म बिडी ओढली, त्यांनी डब्यावर 'बीटा कॅरोटीन' लिहिलंय का ते जरूर वाचावं. डबा हातात आहेच, तर बारीक अक्षरातली इंग्रजी ओळही नातवाकडून वाचून घ्या. 'औषध म्हणून वापरासाठी नाही' असं त्यावर छापावंच लागतं!

जिथे पूरक डोस खरोखर डोळे वाचवतो, तिथे मात्र आपण आळस करतो. अंगणवाडीत मिळणारा 'अ' जीवनसत्त्वाचा डोस. १९७० पासून ही योजना आहे. नवव्या महिन्यात पहिला, पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. दोन डोस झाले की आया विसरतात. मूल संध्याकाळी अडखळत असेल, बुबुळाच्या बाजूला फेसासारखा पांढरा डाग दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईने मात्र 'अ' जीवनसत्त्वाच्या जोरदार गोळ्या मनाने घेऊ नयेत, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं.

बाकी ल्युटिन तुमच्या परसातच आहे. शेवग्याचा पाला, पालक, माठ, मका, अंड्याचा पिवळा बलक. फोडणीत तेल असू द्या, तेलाशिवाय ते अंगी लागत नाही. (शेवग्याच्या शेंगा बाजारात नेतो आणि पाला शेळीला घालतो, शेळीचे डोळे छान असणारच!) मधुमेह असेल तर भाजी कितीही खा, वर्षातून एकदा पडद्याची तपासणी हवीच.

आणि घरातल्या मोठ्यांसाठी एक बिनपैशाची गोष्ट. चष्मा लावून एक डोळा हाताने झाकायचा आणि खिडकीच्या गजांकडे बघायचं. मग दुसरा डोळा झाकून तसंच. गज मध्येच वाकडे दिसले किंवा मधोमध काळा ठिपका आला, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. अशा वेळी आठवडाही घालवू नये.