पाऊण तासाचा कांदा

या पानावर चकली नाहीतर अनारसे शोधणाऱ्या मैत्रिणींनो, आधीच क्षमा मागते. फराळाचा डबा चार दिवसांत तळाला जातो आणि पाचव्या दिवशी मुले ‘आता काहीतरी वेगळे कर’ म्हणून मागे लागतात. आजचा पदार्थ त्या पाचव्या दिवसासाठी आहे. तो आहे अमेरिकेचा. नाव ‘पॅटी मेल्ट’.

गेल्या वर्षी मुलाकडे कॅलिफोर्नियात चार महिने राहून आले. सूनबाई नोकरी करणारी. तिच्या स्वयंपाकघरात सारे झटपट. डब्यातली डाळ, पिशवीतल्या चिरलेल्या भाज्या! मी बोलत काही नव्हते. पण न बोलणेही ऐकू येतेच की! एका शनिवारी नातवाने पॅटी मेल्टचा हट्ट धरला. मी मनात म्हटले, झाले, पावात काहीतरी कोंबून देतील. तर सूनबाईने तीन मोठे कांदे पुढे ओढले आणि म्हणाली, “आई, याला पाऊण तास लागतो हं. घाई केली की बिघडतो.” मी चाटच पडले!

हा पदार्थ लॉस एंजेलिसचा. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे उपाहारगृहे चालवणाऱ्या टायनी नेलर यांना त्याचे श्रेय बहुतेक देतात. हॅम्बर्गर गोल बनपावात असतो. हा साध्या पावाच्या दोन कापांत घालून लोण्यावर तव्यात भाजतात. तिकडे खिमा गोमांसाचा असतो. आमच्या घरी ते चालत नाही, म्हणून सूनबाईने मटणाचा खिमा आणला होता.

चौघांसाठी साहित्य: खिमा अर्धा किलो, मोठे कांदे 3, पावाचे काप 8, चीझच्या चकत्या 8, लोणी, मीठ, मिरपूड. अमेरिकेत राय नावाच्या धान्याचा किंचित आंबूस पाव आणि भोकाभोकांचे स्विस चीझ घेतात. आपल्याकडे आदल्या दिवशीचा ब्राऊन पाव आणि साध्या चीझच्या चकत्या चालतील.

कांदा उभा, पातळ चिरावा. जाड बुडाच्या कढईत चमचाभर लोणी आणि थोडे तेल घालून, चिमूटभर मीठ टाकून मंद आचेवर ठेवावा. पहिली पंधरा-वीस मिनिटे त्याचे पाणीच आटत असते; रंग त्यानंतर येतो. बुडाला लागू लागला की चमचाभर पाणी शिंपडून खरवडावा. तो तपकिरी अर्कच खरी चव. साखर घालू नये, कांद्याची स्वतःची पुरते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत कढईभर कांदा मूठभर होतो, मुरंब्यासारखा.

आता खिमा. आपला हात कबाबाच्या सवयीने तो मळायला जातो. इथे मळायचा नाही, नाहीतर पॅटी चिवट होते. आले-लसूणही नको. चार भाग करून, पावापेक्षा जरा मोठ्या, बोटभर जाडीच्या चपट्या पॅटी थापाव्यात. भाजताना त्या आकसतात. मीठ-मिरपूड तव्यावर टाकण्याच्या क्षणी. तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजाव्यात. पॅटी आत कच्ची राहू देऊ नये. अखंड तुकड्याचे जंतू वरवर असतात, खिमा करताना ते आत मिसळतात. पॅटीच्या मध्यभागी 71 अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर टोचून पाहावा.

मग रचना: पाव, चीझ, पॅटी, कांदा, पुन्हा चीझ, पाव. चीझ दोन्हीकडे असले की वितळून सारे धरून ठेवते. बाहेरून लोणी लावून मंद आचेवर, वर झाकण ठेवून, दोन्ही बाजू खमंग होईपर्यंत भाजावे. तिरके कापून काकडीच्या आंबट लोणच्याबरोबर द्यावे. शाकाहारी घरात उकडलेल्या राजम्याची घट्ट टिक्की घालावी. कांद्याचा पाऊण तास मात्र चुकत नाही!

त्या शनिवारी कांदा परतता परतता सूनबाई, माझ्याकडे न बघता, म्हणाली, “आई, तुम्ही आल्यापासून मी रोज परीक्षेला बसल्यासारखी वावरते.”

मला पटकन उत्तर सुचले नाही. तेवढ्यात कांदा कडेला लागला. मी पाणी शिंपडले, तिच्या हातातला कालथा घेतला आणि म्हटले, “जा, बस जरा. हा मी बघते.”

ती बसली. मी आल्यापासून माझ्यासमोर स्वयंपाकघरात ती पहिल्यांदाच स्वस्थ बसली होती. कांदा व्हायला अजून अर्धा तास होता.