चिखलीतील गरजूंच्या रोजच्या जेवणासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा
मा. तहसीलदार, चिखली
मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, चिखली

विषय : लोकवर्गणीतून चालणाऱ्या अन्नसेवेला जागा, धान्य, गॅस व मार्गदर्शन मिळणेबाबत.

महोदय,

चिखली शहरात आम्ही काही नागरिक लोकवर्गणी आणि श्रमदान यांच्या बळावर गरजूंना शिजवलेले अन्न देतो. कोणी डाळ-तांदूळ आणून देते, कोणी भाजी चिरायला बसते, कोणी दुकान बंद करून वाढायला येते. आमच्या पंगतीला येणारी माणसे आपल्याही ओळखीची आहेत. त्यांत बसस्थानकाच्या आडोशाला राहणारे वृद्ध आहेत, दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी बसलेले खेड्यांवरचे नातलग आहेत आणि दिवसभर थांबूनही काम न मिळालेले मजूर आहेत.

आपला जिल्हा अन्नदानात मागे नाही. शेगावला संत गजानन महाराज संस्थानात रोज महाप्रसाद मिळतो. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढली जाते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी दशसूत्रीत पहिले स्थान दिले ते भुकेल्याच्या अन्नाला. लोकांची दानत आहेच. अडचण वेगळी आहे. या तालुक्यात पैसा फिरतो तो सोयाबीन आणि कापूस विकल्यावर. भाद्रपदात निंदण संपलेले असते आणि सोयाबीनची सोंगणी सुरू व्हायची असते. तेव्हा मजुराच्या हाताला काम नसते आणि दात्याचा हातही आखडलेला असतो. पंगत वाढते त्याच दिवसांत वर्गणी आटते. हा खड्डा केवळ दानातून भरत नाही, म्हणून आम्ही शासनाकडे आलो आहोत.

अन्न सुरक्षेच्या २०११ च्या विधेयकात निराधारांना रोज एक वेळचे मोफत जेवण आणि बेघरांना सामूहिक स्वयंपाकघरातून परवडणारे जेवण देण्याची तरतूद होती. २०१३ मध्ये झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. सामूहिक स्वयंपाकघरांबाबतच्या याचिकेवर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणताही आदेश न देता हा विषय सरकारांच्या धोरणावर सोपवला. रेशनचे धान्य मोलाचे आहे. पण ज्याला चूल नाही, भांडे नाही आणि रांधायला हातात बळ नाही, त्याने कच्च्या तांदळाचे काय करावे?

राज्यात २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन योजना सुरू झाली. १० रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. शहरी भागात या एका थाळीचा खर्च शासनाने ५० रुपये धरला. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांतून विधवांना व वृद्धांना महिन्याला १५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ५० रुपये. शासनाच्याच हिशेबाने निराधाराच्या हाती दिवसाकाठी एका थाळीची किंमत पडते. शिवभोजनामुळे दुपार निभते, पण प्रत्येक केंद्राच्या थाळ्या ठरलेल्या असतात आणि रात्रीची सोय तिथे नाही. आमच्या पंगतीतही कित्येक म्हाताऱ्या ताटातल्या दोनपैकी एकच पोळी खातात आणि दुसरी कागदात गुंडाळून पदराला बांधतात. तेच त्यांचे रात्रीचे जेवण. उन्हाळ्यात ती पोळी दिवेलागणीपर्यंत वाळून कडक होते आणि दात नसलेल्या तोंडाला चावत नाही.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. कायमची जागा. नगर परिषदेची वापरात नसलेली एखादी खोली नाममात्र भाड्याने द्यावी. तिथे नळजोडणी आणि सांडपाण्याची सोय करावी. जागा बदलली की थकलेली, नजर अधू झालेली माणसे पंगतीपर्यंत पोहोचत नाहीत.

२. धान्य. केंद्राच्या खुल्या बाजार विक्री योजनेत सामूहिक स्वयंपाकघरांना ई-लिलावाविना तांदूळ देण्याची तरतूद झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा दर क्विंटलला २२५० रुपये होता. आमच्यासारख्या छोट्या गटाला लागणारी पोती थोडी असतात. अशा गटांची मागणी पुरवठा विभागाने एकत्र करून त्या तांदळाची उचल जिल्हा पातळीवर करून द्यावी.

३. गॅस. आम्हाला १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे लागते. घरगुती गॅसवर ५ टक्के जीएसटी आहे, व्यावसायिक गॅसवर १८ टक्के. एक पैसाही नफा नसलेल्या चुलीला घरगुती दर लागू व्हावा, अशी शिफारस जिल्हाधिकाऱ्यांनी वरिष्ठांकडे करावी.

४. अन्नाची सुरक्षितता. आमच्या स्वयंसेवकांना अन्न व औषध प्रशासनाकडून प्रशिक्षण मिळावे आणि स्वयंपाकघराची नियमित तपासणी व्हावी. लग्नसराईत मंगल कार्यालयांतून उरलेले अन्न येते. शिल्लक अन्नाच्या वाटपाचे नियम २०१९ मध्ये झाले आहेत. ते मराठीत छापून प्रत्येक मंगल कार्यालयाला द्यावेत आणि अन्न कधी शिजवले याची चिठ्ठी प्रत्येक पातेल्यावर लावणे बंधनकारक करावे.

५. रात्रीचे जेवण. शहरातील शिवभोजन केंद्रांना थाळ्या वाढवून द्याव्यात, संध्याकाळची वेळ सुरू करावी आणि चालकांची देयके दरमहा अदा करावीत. उधारीवर चालणारे केंद्र फार दिवस टिकत नाही.

६. हक्काचे कागद. महिन्यातून एकदा महसूल आणि पुरवठा विभागाच्या कर्मचाऱ्यांनी पंगतीच्या जागी बसावे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि निराधार अनुदानाचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. जो पंगतीपर्यंत कसाबसा येतो, तो कार्यालयांत खेटे घालू शकत नाही.

७. सन्मान. कोणत्याही मदतीसोबत जेवणाऱ्याच्या आधार कार्डाची किंवा छायाचित्राची अट घालू नये. हात पसरावा लागल्याची लाज माणसाला आधीच पुरेशी असते.

आमच्या बाजूने आम्ही हमी देतो की जमाखर्च दरमहा फलकावर लागेल. पंगतीत जात, धर्म विचारला जाणार नाही आणि कोणत्याही पक्षाचा फलक तिथे लागणार नाही. रांधणे, वाढणे, भांडी घासणे हे काम आमचेच राहील आणि त्याचा मोबदला आम्ही मागत नाही.

या मागण्यांवर एक महिन्याच्या आत संबंधित विभागांची संयुक्त बैठक बोलवावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे. बैठकीआधी आपण एकदा पंगतीला यावे, आमच्यासोबत वाढायला उभे राहावे, ही आग्रहाची विनंती.

आपले,
चिखली येथील अन्नसेवेचे सर्व स्वयंसेवक