गोळ्या मोजू नका, डुकरे तपासा

'जंतनाशक मोहीम यशस्वी' ही बातमी याच आठवड्यात आपल्या अंकात वाचली. त्याच पानावर मेंदूतल्या जंतामुळे आकडी येणाऱ्या रुग्णांबद्दल डॉक्टरांची मुलाखत होती! मग यश नेमके कशाचे? गोळ्या संपल्याचे?

शाळा-अंगणवाडीत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात ते गोलकृमी, अंकुशकृमीसाठी. जरूर द्या. पण डुकराच्या कच्च्या मांसातून आलेला पट्टकृमी घरातल्या मोठ्या माणसाच्या पोटातही असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. पट्टकृमीवर या एका गोळीचा भरवसाही नाही. त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हाताला, पाण्याला, भाजीला लागून ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूत गाठ होऊ शकते, मग तो जन्माचा माळकरी का असेना.

पट्टकृमीविरुद्धच्या मोहिमेची परीक्षा डुकरातच होते. माणसाला आकडी संसर्गानंतर कित्येक वर्षांनीही येते, त्यामुळे आजचे रुग्ण मोजून गेल्या वर्षीच्या मोहिमेचे काही कळत नाही. आठ महिन्यांच्या डुकरात मात्र गाठी निघाल्या, तर त्या आठ महिन्यांत माणसाच्या विष्ठेतली अंडी कुठूनतरी त्याच्या पोटात गेली हे नक्की. नुसती जीभ पाहून भागत नाही. गाठी थोड्या असल्या की जीभ साफ दिसते. स्नायू चिरूनच पाहावे लागतात.

पेरूतल्या तुंबेस भागात हेच केले. सुरुवातीचे सौम्य उपाय पुरे पडले नाहीत, हे डुकरे तपासल्यामुळेच समजले. मग माणसांना औषध आणि डुकरांना औषध व लस. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 107 पैकी 105 गावांत एकही बाधित डुक्कर सापडले नाही. डुकरांची ही लस आपल्या हैदराबादेत बनते! पण माझी सारी नोकरी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. आरोग्य खात्याने वराहांची तपासणी मागितल्याचे मला आठवत नाही. ते म्हणणार हे पशुसंवर्धनाचे काम, पशुसंवर्धन म्हणणार आरोग्याचे.

आमच्या नगरपालिकेने तर तिसरीच तऱ्हा काढली आहे. मोकाट डुकरे पकडायला ठेकेदार नेमला, तो ती शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडतो आणि नगाप्रमाणे बिल लावतो. चार दिवसांत तीच डुकरे भाजी मंडईमागे हजर. बिल मंजूर करणाऱ्यांनी ती एकदा मोजून घ्यावीत.

– एक निवृत्त पशुवैद्यक